अकरापैकी अकरा

शुक्रवारी सकाळी नामालेराच्या झऱ्यावर पहिला पाण्याचा कॅन कॉन्सोलाटा अजियांबोनं आणला होता. दगडी पायऱ्या उतरता उतरता ती थांबली.

खालच्या पायरीवर एक माणूस उताणा पडला होता. डोळे उघडे. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात.

कॉन्सोलाटा ओरडली नाही. तिनं कॅन खाली ठेवला, जवळ गेली आणि आधी त्याचा हात पाण्यातून बाहेर काढून त्याच्या छातीवर ठेवला. ते पाणी सगळं गाव पीत होतं. मग ती गावच्या चीफच्या घराकडे चालू लागली.

नऊच्या सुमाराला बुसियाहून पोलिसांची गाडी आली. इन्स्पेक्टर टेक्ला अमोइट उतरली. पन्नाशीला आलेली, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. तिच्यामागून हवालदार एकिसा.

"ओळखतोस?" तिनं विचारलं.

"एझ्रोन वाब्विरे, मॅडम. जारिबू संस्थेत होता. ही वर उभी आहे ती मोटरसायकल त्याचीच. पाय घसरला असणार. शेवाळ बघा किती आहे."

अमोइट वाकली. डोक्याच्या मागे खोल जखम होती. पण पायरीवर रक्त फार नव्हतं. तिनं नाक जवळ नेलं आणि कपाळाला आठी घातली.

"वास घे."

एकिसानं नाइलाजानं घेतला. "कपडे धुवायच्या पावडरीसारखा."

"क्लोरीनचा. आणि हे बघ."

एझ्रोनचा शर्ट गडद निळा होता. कॉलरवर मात्र फिकट नारिंगी ठिपके पडले होते, रंग उडाल्यासारखे.

झऱ्याच्या कठड्याला एक निळी पेटी बसवलेली होती. खाली छोटी तोटी. एकदा फिरवली की कॅनमध्ये क्लोरीनचे थेंब पडायचे. जारिबू संस्थेनं वीस गावांत अशा पेट्या लावल्या होत्या. अमोइटनं तोटी फिरवली. काहीच आलं नाही.

"दोन महिने झाले, कोरडी आहे," मागून कॉन्सोलाटा म्हणाली. "त्याआधी होते थेंब, पण वास यायचा नाही त्यांना. बसवली तेव्हा यायचा."

"मावशी, काल दुपारी इथं कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? म्हाताऱ्या ओदुओरी मास्तरांची माती होती काल, पलीकडच्या टेकडीवर. सगळं गाव तिकडं. आम्ही पाणी सकाळीच भरून ठेवलं. परतलो तेव्हा अंधार पडला होता."

एझ्रोनची पिशवी कुठंच नव्हती. हेल्मेट मात्र मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेलं होतं. अमोइटनं ते उलटं केलं. आतलं कापडी अस्तर एका बाजूला फुगलं होतं. तिनं बोटं घातली. घडी घातलेला कागद निघाला. त्यावर बारीक अक्षरात चौदा खुणा: ना-७, ना-१९, लु-४... खाली एकच ओळ: *सगळेच कसे गेले?*

दुपारी इस्पितळातून फोन आला. मृत्यू गुरुवारी चार ते सहाच्या दरम्यान. डोकं दगडाच्या कडेवर आपटलेलं.

"पण लगेच नाही गेला तो, इन्स्पेक्टर," डॉक्टर म्हणाले. "तास-दीड तास जिवंत होता. आणि कुणीतरी जखम धुतली आहे."

"वाचला असता?"

"कुणी मदतीला हाक मारली असती तर? बहुतेक."

अमोइटनं फोन ठेवला. म्हणजे त्या तास-दीड तासात एझ्रोन एकटा नव्हता.

जारिबू संस्थेची कचेरी बुसियाच्या बाहेर, आंब्याच्या दोन झाडांमागे होती. संचालक हेसबोन ओडेरा उंच, देखणा, आवाजानंच माणूस जिंकणारा. आज मात्र तो आवाज बसला होता.

"एझ्रोन तुमच्याकडे नेमकं काय करायचा?"

"आमची संस्था नव्या कल्पना तपासते. नवी चूल, धान्याची पोती, पाण्याचे थेंब. निम्म्या गावांना वस्तू द्यायची, निम्म्यांना नाही. दर महिन्याला घरोघरी जायचं, विचारायचं, मोजायचं आणि शेवटी तुलना करायची. आम्ही कल्पना तपासतो आणि एझ्रोन आम्हाला तपासायचा."

"म्हणजे?"

"आम्ही तपासणी किती नीट करतो, ते तो मोजायचा. वर्षाला किती कल्पना तपासल्या? त्यातल्या किती पडल्या? पडलेल्या खरोखर थांबवल्या, की नाव बदलून पुन्हा चालवल्या? दर डिसेंबरला त्याचा अहवाल यायचा."

"तो अहवाल आवडायचा सगळ्यांना?"

ओडेरा जरा हसला. "आरसा कुणाला आवडतो? एझ्रोनचं एक वाक्य ठरलेलं होतं. जिथं एकही कल्पना पडत नाही, तिथं तपासणी नसते, प्रार्थना असते."

त्यानं यंदाच्या अहवालाचा मसुदा पुढे ठेवला. शेती विभाग: तेरा कल्पना, नऊ पडल्या. चूल विभाग: आठपैकी पाच पडल्या. पाणी विभाग: अकरापैकी अकरा यशस्वी. या शेवटच्या ओळीभोवती लाल पेनानं वर्तुळ काढलेलं होतं.

"पाणी विभाग कुणाकडे आहे?"

"पेट्रोनिला नासिके. आमचं सगळ्यात मोलाचं माणूस. निळी पेटी ही तिचीच कल्पना. तिची मुलगी चार वर्षांची असताना घाणेरड्या पाण्यानं गेली. त्यानंतर तिनं आयुष्य त्या पेटीला वाहिलं."

"ज्यांच्या कल्पना पडतात, त्यांचं काय होतं इथं?"

"काय होणार? दुसरं काम देतो."

"उदाहरणार्थ?"

"ओबादिया मुकुडी. मका वाळवायचं यंत्र केलं होतं त्यानं. पडलं. आता तो गोदाम सांभाळतो."

"आणि पेट्रोनिला?"

"तिचा नैरोबीत सत्कार झाला, मार्चमध्ये." ओडेरानं नजर वळवली. आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर उशिरा पडलं असावं. "इन्स्पेक्टर, ओबादियाबद्दल एक सांगायला हवं. गेल्या आठवड्यात जेवणाच्या खोलीत त्यानं एझ्रोनला सगळ्यांदेखत धमकी दिली. तू सगळ्यांची मापं घेतोस ना, म्हणाला, तुझंही घेईन एक दिवस. सहा फूट बाय दोन."

पेट्रोनिलाच्या खोलीत भिंतभर लहान मुलांचे फोटो होते. झऱ्यावर, शाळेत, आयांच्या पाठीवर. तिनं स्वतः उठून चहा ओतला, तळलेल्या गोड मंदाझींची बशी पुढे केली. डोळे सुजलेले होते.

"एझ्रोन माझ्या भावासारखा होता," ती म्हणाली. "हट्टी होता, पण मनाचा स्वच्छ."

"तुमच्या विभागाभोवती त्यानं लाल वर्तुळ काढलं होतं."

"माहिती आहे. तोच घेऊन आला होता दाखवायला. मी म्हटलं, अरे, चांगलं काम झालं तर तेही संशयाचंच का? हसला."

"काल दुपारी कुठं होतात?"

"गुरुवार म्हणजे माझा फेरतपासणीचा दिवस. आमची कामावरची मुलं-मुली घरोघर जाऊन फॉर्म भरतात. त्यातली काही घरं चिठ्ठी टाकून निवडायची आणि तिथं मी स्वतः जायचं, लिहिलेलं खरं की खोटं बघायला. काल मी लुकोमाला होते. सहा घरं केली." तिनं सहा फॉर्म पुढे ठेवले. नीटस अक्षर. अडीचपासून साडेपाचपर्यंतच्या वेळा. *आई घरी. थेंब नियमित वापरते. माठाच्या पाण्याला क्लोरीनचा वास.*

"पाण्याला वास आहे हे कसं कळतं? नाकानं?"

"आधी नाकानं. मग नळीत पाणी घेऊन त्यात पूड टाकायची. गुलाबी झालं की क्लोरीन आहे." तिनं पिशवीतून नळी दाखवली, पुडीची डबी, एक छोटी तपकिरी बाटली. "ही थेंबांची. कुणाकडे संपले असले तर लगेच देता येतात."

अमोइटनं खिशातून चौदा खुणांच्या कागदाची नक्कल काढली. "हे काय आहे?"

पेट्रोनिलानं कागद हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"घरांचे क्रमांक. ना म्हणजे नामालेरा, लु म्हणजे लुकोमा. ही..." ती थांबली. "ही कुटुंबं सोडून गेली. बहुतेक टोरोरोला, सीमेपलीकडे. इथली माणसं जात-येत असतात. गेलेलं घर मोजणीतून काढावं लागतं."

"सगळीच पेटीवाल्या गावांतली?"

"असतील. मी कधी मोजलं नाही."

गोदामात ओबादिया मुकुडी पोत्यांवर बसून मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकी मासळी खात होता. पोलीस बघून उठला नाही.

"आलात? मला वाटलं, सकाळीच याल."

"एझ्रोनला धमकी दिली होतीस?"

"दिली होती. दोन वर्षं खपून यंत्र केलं मी. त्यानं एका ओळीत मारलं. मका वाळत नाही, वरून तांबूस होतो. खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं." त्यानं घास गिळला. "पण नंतर तोच येऊन बसला इथं माझ्याजवळ. म्हणाला, ओबादिया, या कचेरीत खरं बोललेलं यंत्र फक्त तुझंच. मी त्याला हाकललं. आता वाटतं, बसू द्यायला हवं होतं."

"काल दुपारी तू कुठं होतास?"

"खड्डा खणत होतो."

एकिसाचा हात कमरेकडे गेला.

"अरे, दम खा. ओदुओरी मास्तरांचा. माझे चुलते ते. बारापासून खणला, चारला शवपेटी उतरवली, मग सहापर्यंत लुकोमाच्या बायकांचा गायनसंघ ऐकत उभा होतो. मास्तरांनीच शिकवलेल्या त्या. अख्खं लुकोमा आलं होतं, लेकुरवाळ्यासुद्धा. एकेक बाई रडत गात होती आणि कुणीही सुरात नव्हती. दोनशे माणसं सांगतील तुम्हाला, ओबादिया कुठं होता."

बाहेर आल्यावर एकिसा म्हणाला, "मॅडम, हा सुटला. आता?"

"आता ही चौदा घरं बघायची."

"पण ती माणसं टोरोरोला गेली ना?"

"घरं तर आहेत की."

शनिवारी सकाळी ते ना-७ला गेले. दार उघडं होतं, अंगणात कोंबड्या. एक बाई कसाव्याचे कंद सोलत बसलेली. कुठंही गेलेली नव्हती. घरामागे केळींच्या ओळीशेजारी मातीचा एक उंचवटा होता, हातभर रुंद, दीड हात लांब. त्यावर उलटं ठेवलेलं निळं प्लॅस्टिकचं भांडं.

एकिसानं टोपी काढली.

पुढचं घर, तेच. त्याच्या पुढचं, तेच. कुठं एक उंचवटा, एका घरी दोन. एका बापानं सांगितलं, जुळी होती. आधी जुलाब, मग उलट्या, तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले.

ना-१९ हे घर शेवटी आलं. दारात कॉन्सोलाटा उभी होती.

"तुम्ही?" अमोइट म्हणाली.

"या आत. वाटलंच होतं मला, कधीतरी कुणीतरी येईल विचारायला."

"कोण होतं?"

"नातू. मुलीचा. तीन वर्षांचा." तिनं बोटानं दाखवलं. उंचवट्यावर अजून गवत नव्हतं. "पूर्वी आम्ही पाणी उकळत होतो. चूल फुंकून फुंकून डोळे जायचे, पण उकळायचो. पेटी आली तेव्हा ती म्हणाली, आता लाकडं वाचवा, थेंब पुरे आहेत. तिच्यावर विश्वास. स्वतःचं मूल गमावलेली बाई, ती खोटं कशाला सांगेल?"

"पेट्रोनिला?"

"हो. आधी ती फॉर्मवाली पोरगी येऊन गेली. तिला सांगितलं मी, पोर गेलं. तिनं लिहिलं. मग एका गुरुवारी पेट्रोनिला आली. माझ्या गळ्यात पडून रडली, पोलीसबाई. आईसारखी रडली. मग तिनं विचारलं, मी पुन्हा सांगितलं, पोर गेलं. आणि तिनंही लिहिलं. गेलं."

अमोइटनं कागद काढून 'सगळेच कसे गेले?' ही ओळ पुन्हा वाचली.

"मावशी, आज रात्रीपासून पाणी उकळा. शेजाऱ्यांनाही सांगा."

"तेव्हापासूनच उकळतेय. पण आता कुणासाठी?"

सोमवारी दहा वाजता कचेरीच्या बैठकीच्या खोलीत तिघं बसले होते. ओडेरा, पेट्रोनिला, ओबादिया. अमोइट उभीच राहिली. एकिसा खोलीत नव्हता.

"एझ्रोन घसरून पडला असता तर गोष्ट तिथंच संपली असती," ती म्हणाली. "पण त्याची जखम धुतलेली होती. क्लोरीननं. इतक्या कडक की शर्टाचा रंग उडाला. झऱ्यावरची पेटी दोन महिने कोरडी. म्हणजे थेंब धुणाऱ्याच्या जवळ होते. बाटलीत, ताजे. ओबादिया, तू थेंब बाळगतोस?"

"मी तंबाखू बाळगतो."

"संचालक?"

"नाही." ओडेराचा चेहरा उतरू लागला होता.

"आता तो कागद. चौदा घरं, सगळी पेटीवाल्या गावांतली. नोंद अशी की कुटुंब निघून गेलं. आम्ही चौदाही घरं बघितली. एकही कुटुंब गेलेलं नाही. मुलं गेली आहेत. पंधरा. मेली आहेत ती."

अमोइटनं जुने फॉर्म टेबलावर ठेवले.

"ज्या गावांत पेटी नाही, तिथं मेलेलं मूल मेलेलंच लिहिलंय. पेटीवाल्या गावांत मेलेल्या मुलाचं घरच मोजणीतून उचललंय. मग तुलनेत पेटी जिंकणारच. हे कुणी केलं? फॉर्म भरणारी मुलं सहा. त्या सहाही जणांनी खरं लिहिलं होतं, मी जुने फॉर्म बघितले. नोंद बदलली गुरुवारच्या फेरतपासणीत. फेरतपासणीची घरं चिठ्ठीनं निवडायची असा इथला नियम. दहा घरांतलं एक. मग ही चौदाच्या चौदा घरं चिठ्ठीत कशी निघाली? संचालक, तुम्ही मोजमापातले. असं होतं कधी?"

ओडेरानं नकारार्थी मान हलवली.

"फेरतपासणी एकच माणूस करतं," अमोइट म्हणाली.

पेट्रोनिला शांत बसली होती. "मी लुकोमाला होते," ती म्हणाली. "फॉर्म दिलेत मी तुम्हाला."

"दिलेत. सहा घरं, सहा आया, सगळ्या घरी. अडीच ते साडेपाच. पेट्रोनिला, गुरुवारी दुपारी लुकोमात कुणीही घरी नव्हतं. बायका ओदुओरी मास्तरांच्या मातीला गात होत्या. ओबादिया सहापर्यंत ऐकत होता. काल मी त्या सहाही जणींना भेटले. तुम्ही गावात पाऊलही टाकलं नव्हतं."

ओबादिया हळूच म्हणाला, "देवा."

दार उघडलं. एकिसा आत आला. हातात कातडी पट्ट्याची पिशवी.

"पाणी विभागाच्या कोठारात, मॅडम. पिंपांच्या मागे."

अमोइटनं पिशवी उघडली. एझ्रोनची वही. एक छोटी काचेची बाटली, त्यात स्वच्छ पाणी, वर चिठ्ठी: *लुकोमा, पेटीतले थेंब घालून. पूड टाकली, गुलाबी झालं नाही.*

"उन्हात पेटी तापते," वहीतली नोंद वाचत अमोइट म्हणाली. "थेंबांतला जोर पंधरा दिवसांत जातो. कोठारातले, बाटलीतले थेंब कडक राहतात. एझ्रोनला ते कळलं होतं. पण फेरतपासणीत माठातलं पाणी दर वेळी गुलाबीच व्हायचं. कारण तपासणारी आधी स्वतःच्या बाटलीतले थेंब घालायची. बरोबर?"

मग पेट्रोनिलानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"पहिलं घर होतं ना-७," ती म्हणाली. "त्या बाईनं थेंब नीट घातलेच नसणार, असं वाटलं मला. मग तो मृत्यू पेटीच्या नावावर का? म्हणून काढला. मग दुसरा. त्यांचा माठ फुटका होता. तिसरा... प्रत्येकाला काहीतरी कारण होतंच, इन्स्पेक्टर. प्रत्येकाला."

"आणि एझ्रोन?"

"त्याला माझा संशय नव्हता. त्याला वाटलं, पोरांनी चुका केल्या. मला म्हणाला, चल, झऱ्यावर भेट, आपण दोघं घरं बघू. तिथं त्यानं मला ती बाटली दाखवली. आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरूनच कळलं त्याला."

"काय म्हणाला?"

"रागावला नाही. तेच सोसलं नाही मला. म्हणाला, पेट्रोनिला, पडू दे तिला. पडणं हा गुन्हा नाही. मी लिहीन की तू फार चांगली चाचणी केलीस." तिनं हात मागे घेतले. "माझी लेक गेल्यापासून ती पेटीच आहे माझ्याकडे. मी बाटली ओढली. त्यानं सोडली नाही. मी ढकललं."

"आणि जखम धुतली."

"हो. तो श्वास घेत होता. मी थेंब ओतले, माझ्याजवळची सगळी तपकिरी बाटली ओतली. मला वाटलं..."

"फोन होता तुझ्याजवळ."

"होता."

"दीड तास."

"मी शेजारी बसले होते. तो उठला असता तर सगळं सांगितलं असतं त्यानं. म्हणून बसून राहिले. हात रिकामे राहवेनात, म्हणून फॉर्म भरले. त्या वेळा खऱ्या आहेत. अडीच सोडून. साडेपाचला शेवटचा भरला, तेव्हा तो गेला होता."

ओडेरा खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "मला का नाही सांगितलंस? एकदा येऊन सांगायचं होतंस!"

"कुणाला, साहेब?" पेट्रोनिलाच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हाला? मार्चमध्ये मला व्यासपीठावर उभं केलंत तेव्हा सहा मुलं गेली होती. मी सांगायलाच आले होते त्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, अकरापैकी अकरा, पेट्रोनिला! आणि हा बघा, ओबादिया. खरं यंत्र केलं, खरं पडलं. कुठं बसतो तो आता?"

ओबादियानं मान खाली घातली.

"संचालक," अमोइट म्हणाली, "तुमच्या गाड्या किती आहेत?"

"पाच."

"भोंगे बांधा आणि आत्ता सोडा. वीसही गावांत. पेटी बंद, पाणी उकळा. अहवाल नंतर लिहा."

तो जवळजवळ धावतच बाहेर गेला. अंगणात गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले, कुणीतरी किल्ल्यांसाठी ओरडलं. ओबादिया भोंग्यांची दोरी आणायला गोदामाकडे गेला.

ठाण्यावर पेट्रोनिलाचा जबाब लिहायला दोन तास लागले. ती न अडखळता बोलली. पाणी दिलं तर ग्लास तसाच राहिला. शेवटी अमोइटनं कागद तिच्यापुढे सरकवला.

"वाच आणि सही कर."

पेट्रोनिलानं वाचलं. पेन उचललं. एका ओळीवर थांबली.

"हे चुकलंय."

"काय?"

"इथं पंधरा लिहिलंय. एझ्रोनला नामालेरा आणि लुकोमा एवढीच दोन गावं बघायला मिळाली होती."

एकिसा दारात थबकला.

"किती?" अमोइटनं विचारलं.

"एकतीस." तिनं डोळे मिटले. "मी फॉर्मवरून काढली त्यांना. डोक्यातून कशी काढणार? रोज सकाळी उठल्याबरोबर म्हणते मी सगळ्यांची नावं. आधी माझ्या लेकीचं, मग त्यांची."

अमोइटनं तो जबाब बाजूला ठेवला. कोरा कागद घेतला आणि त्यावर वर एकतीस हा आकडा लिहिला.

"एकेक नाव सावकाश सांग," ती म्हणाली. "गावासकट."